होऊ द्या शोभा!

हल्ली दरसाल मार्च महिन्याची आठ तारीख जवळ आली की गावोगावी एक समारंभ होतो. त्याचे नाव 'मुलींसाठी स्वसंरक्षण शिबिर'. शाळेच्या पटांगणात मांडव पडतो, ध्वनिक्षेपक खरखरतो, पाहुण्यांस शाल आणि श्रीफळ मिळते, पांढऱ्या पोशाखातला एक तरुण हाताने दोन कौले फोडून दाखवतो, दोनशे मुली रांगेत उभ्या राहून हवेत ठोसे मारतात, आणि अध्यक्षमहाशय जिजाऊंपासून झाशीच्या राणीपर्यंत सर्वांची नावे एका दमात घेऊन, 'आजची मुलगी अबला राहिलेली नाही' असे जाहीर करून गाडीत बसतात. मुली प्रमाणपत्र घेऊन घरी जातात. घरी गेल्यावर एखादी उत्साहाने सांगू लागते, "आई, आज काय झालं माहीत आहे का?" तोच आतून आवाज येतो, "अगं, हळू बोल! बाहेर माणसं बसली आहेत."

शिबिर तेथेच संपले.

मी मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले. लेझीम शिकवली, खो-खो शिकवला, लाठी शिकवली, आणि कोणी मनगट धरले असता ते कसे सोडवावे हेही शिकवले. तेव्हा हात चालवण्याच्या विद्येविषयी माझ्या मनात अनादर असेल अशी शंका कोणी घेऊ नये. माझे भांडण शिबिराशी नाही. माझे भांडण आहे ते मुलीला शिबिरास पाठवून निश्चिंत होणाऱ्या घराशी. घराने पंधरा वर्षे जे शिकवले ते एका दुपारात पुसले जात नाही; आणि आपल्या घरांतून मुलींना जे शिकवले जाते त्याचे सार, कोणास राग येवो वा लोभ येवो, एवढेच आहे: सोसावे लागले तर सोस, पण शोभा करू नकोस.

काय विलक्षण शब्द आहे पाहा! देव्हाऱ्याची शोभा, अंगणातल्या रांगोळीची शोभा, आकाशकंदिलाची शोभा. आणि मुलीने तोंड उघडले की तीही शोभाच! 'चारचौघांत शोभा झाली' असे आपण म्हणतो, तेव्हा ती शोभा कोणाची झाली असे आपल्याला वाटत असते? ज्याने गर्दीत अंगाला हात लावला त्याची नव्हे. 'ह्याने हात लावला' असे जिने मोठ्याने सांगितले तिची! चोर पकडणाऱ्याची बेअब्रू आणि चोराची अब्रू शाबूत, असा हा आपल्या घरगुती न्यायशास्त्राचा पहिला नियम आहे.

माझ्या वर्गाचा पहिला धडा हाताचा नसे, घशाचा असे. चाळीस मुली मैदानावर उभ्या करून मी त्यांना सांगत असे, की पाय रोवा, मान ताठ करा, आणि माझ्याकडे पाहून पोटातून ओरडा, 'नाही!' एवढेच काम. त्याला ना ताकद लागते, ना वेग. परंतु दर वर्षी तेच होई. निम्म्या मुली ओढणी तोंडावर धरून हसू लागत. उरलेल्यांपैकी पुष्कळींच्या तोंडून जे निघे ते 'नाही' नसून 'नाही ना हो, बाई' असे काहीतरी असे. एके वर्षी चाळिसांत एकटीचा आवाज असा निघाला की कुंपणापलीकडचा रिक्षावाला वळून पाहू लागला. तिची आई मंगळवारच्या बाजारात भाजी विकत असे, आणि ही तिच्या शेजारी बसून मेथीच्या जुड्यांचा भाव ओरडत असे. खाऊन-पिऊन सुखी घरांतल्या, गाणे शिकणाऱ्या, वक्तृत्वाची बक्षिसे मिळवणाऱ्या मुलींना जे साधले नाही ते तिला साधले. कारण मोठ्याने बोलणे हा तिच्या घरात गुन्हा नव्हता, तो तिच्या घराचा चरितार्थ होता.

ओरडता न येणे हा मुलींचा जन्मजात गुण नव्हे. पाळण्यातली मुलगी पाळण्यातल्या मुलाइतक्याच खणखणीत आवाजात रडते. तो आवाज आपण हळूहळू, प्रेमाने, रोज थोडा थोडा काढून घेतो. हळू बोल. एवढ्याने हसू नकोस. पाय पसरून बसू नकोस. मोठ्या माणसांना उलट उत्तर देऊ नये. जाऊ दे, सोडून दे, तूच समजून घे. भाऊ आदळआपट करतो तेव्हा तो 'तापट' असतो. बहिणीने तेच केले की ती 'कजाग' होते. ह्यांतले एकेक वाक्य सुटे पाहिले तर निरुपद्रवी आहे, एखादे तर सभ्यपणाचेही आहे. परंतु दिवसातून दहादा, पंधरा वर्षे, फक्त मुलीलाच ते ऐकवले म्हणजे तिच्या मनात एक गोष्ट पक्की बसते: माझ्या त्रासापेक्षा इतरांची सोय मोठी. हीच ती जागा, जिथे पुढे एखादा हात येऊन पडतो.

आत्मसन्मान हा शब्द आपण फार उंचावर नेऊन ठेवला आहे. भाषणात तो शोभतो, भिंतीवरच्या सुविचारात शोभतो. माझ्या हिशेबी त्याचा अर्थ साधा आहे. मला जे नकोसे वाटले ते खरोखरच नकोसे आहे, असे मानण्यासाठी मला दुसऱ्या कोणाची सही लागू नये, म्हणजे आत्मसन्मान. ज्या मुलीला ही सही प्रथम बाबांची, मग दादाची, मग नवऱ्याची घ्यावी लागते, तिचा हात कितीही तयार असो, तो वेळेवर उठणार नाही. ठोसा मारण्यापूर्वी एक क्षण असा असतो, की त्यात तिला ठरवावे लागते, 'हे चूक आहे आणि मी ते थांबवणार.' त्या क्षणी ती जर 'मलाच तसे वाटले असेल', 'त्यांना काय वाटेल', 'लोक काय म्हणतील' असा विचार करीत बसली, तर कराटेचा काळा पट्टा घरी कपाटातच राहतो.

आता कोणी म्हणेल, बाई, गल्लीतल्या गुंडाला पाहून कोणती मुलगी 'त्यांना काय वाटेल' असा विचार करील? बरोबर आहे. परंतु गल्लीतला गुंड हा आपल्या कल्पनेतला मुख्य शत्रू आहे, वस्तुस्थितीतला नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल दरवर्षी निघतात. त्यांत बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी शंभरांतल्या नव्वदांहून अधिक ठिकाणी आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असल्याचे वर्षानुवर्षे दिसते. घरचा, नात्यातला, शेजारचा, कामावरचा, लग्नाचे वचन देणारा. अंधारातून झडप घालणारा अनोळखी राक्षस दहांत एकदाही सापडत नाही. आणि आपण मुलींना काय शिकवतो? सातच्या आत घरात ये, अनोळखी माणसाशी बोलू नकोस. म्हणजे धोका ज्या दाराने येतो ते सताड उघडे, आणि कुलूप खिडकीला!

हे मी दिवाळी अंकात का लिहिते, असे वाटेल. मुद्दाम लिहिते. कारण दिवाळी हा घरे उघडण्याचा सण आहे. नातेवाईक येतात, फराळाला मित्रमंडळी येतात, वर्षभर न दिसलेली माणसे दिसतात. त्यांतली बहुसंख्य माणसे जीव लावणारी असतात, ह्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु ह्याच दिवसांत प्रत्येक घरात एक छोटासा प्रसंग घडतो, आणि त्याकडे कोणाचे लक्ष नसते. कोणी काका, कोणी मामा, कोणी बाबांचे स्नेही पाच-सात वर्षांच्या मुलीला म्हणतात, ये, मांडीवर बस, एक पापा दे. मुलगी अंग चोरते, आईच्या पदराआड जाते. आणि आई, तिची स्वतःची आई, तिला पुढे ढकलते. "लाजतेस काय? काकाच आहेत ना!" त्या एका ढकलण्यात मुलगी जे शिकते ते शंभर शिबिरांनी पुसले जाणार नाही. ती शिकते की माझे अंग माझे नाही. ज्याला आई 'काका' म्हणेल त्याचा त्यावर हक्क आहे.

१९९८ सालची एक गोष्ट सांगते. गावाचे नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. सातवीतली एक हुशार मुलगी दिवाळीची सुट्टी जवळ आली की कोमेजू लागे. इतर मुली दिवस मोजत, आणि ही मला विचारी, "बाई, सुट्टीत शाळेत काही काम असेल तर मी येऊ का?" मैदानावर बसून तिच्याशी दोन-चार वेळा बोलले तेव्हा उलगडा झाला. घरी दर दिवाळीला येणाऱ्या एका दूरच्या नातेवाइकाचे जवळ घेणे तिला सोसवत नव्हते. तिने आईला सांगितले होते. आईने तिला गप्प केले होते. मी घरी गेले. आईने चहा ठेवला, दार लोटले, आणि हलक्या आवाजात मला म्हणाली, "बाई, सणासुदीचे दिवस आहेत. उगीच घरात शोभा नको." त्या माउलीचे डोळे भरले होते. तिला मुलीची माया नव्हती असे मी म्हणणार नाही. तिला शोभेची दहशत होती. उत्तर आले ते आतल्या खोलीतून. जिला सगळे घर जुन्या वळणाची म्हणत असे ती नऊवारीतली आजी जात्यावरून उठून बाहेर आली आणि म्हणाली, "तो आला की त्याचा फराळ मी ओसरीवर नेऊन देईन. उंबरा ओलांडायचा नाही म्हणावं. कारण विचारलं तर चारचौघांत सांगेन." त्या दिवाळीला त्या गृहस्थाने ओसरीवरच्या चिवड्याला हात लावला नाही, आणि पुढल्या वर्षी तो आलाच नाही. मुलगी घरात होती. तिने दारात मोठी रांगोळी काढली.

सबंध स्वसंरक्षणशास्त्र त्या म्हातारीच्या दोन वाक्यांत आहे. अंतर ठेवायचे, मोठ्याने बोलायचे, आणि लाज ज्याची त्याच्या पदरात टाकायची. आज असा प्रसंग घडला तर २०१२ सालच्या, मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याने ज्याला तो कळला त्याच्यावर पोलिसांस कळवण्याचे बंधनच घातले आहे; घरातल्या घरात मिटवण्याची मोकळीक आता कोणालाच नाही. हा कायदा त्या आजीच्या बाजूचा आहे.

कोणी म्हणेल, हा एका घराचा अनुभव झाला. त्यावरून सिद्धान्त काढू नये. मग एक प्रयोग सांगते. कॅनडातील तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या सुमारे नऊशे विद्यार्थिनींचे दोन गट केले होते. एका गटाला केवळ माहितीपत्रके दिली. दुसऱ्या गटाला बारा तासांचे शिक्षण दिले, तीन-तीन तासांचे चार पाठ. वर्षभरानंतर पाहिले तेव्हा पहिल्या गटात शंभरांमागे ९.८ मुलींवर बलात्कार झाला होता, दुसऱ्या गटात ५.२ मुलींवर. म्हणजे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. हे निष्कर्ष २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आता त्या बारा तासांत काय शिकवले ते पाहा. हाताने प्रतिकार करणे हा त्यातला एक भाग होता. बाकीचा वेळ कशात गेला? ओळखीच्या पुरुषाच्या वागण्यातला धोका ओळखण्यात. धोका दिसत असूनही 'हा तर आपला मित्र' म्हणून आपले मन जी टाळाटाळ करते ती बाजूला सारण्यात. आणि आपल्याला काय हवे, काय नको, हे आपणच ठरवण्यात. आपल्या शिबिरांत नेमके हेच वगळतात आणि कौले तेवढी फोडतात.

घर मुलीला गप्प करते, आणि मग न्यायालयात तिलाच विचारतात, तू गप्प का राहिलीस? ह्या चरकात किती जणी पिळून निघाल्या! १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. आपण ओरडलो, विरोध केला, असे मुलगी सांगत होती. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणून ते न्यायालयाला खरे वाटले नाही. रात्रीची वेळ, पोलीस ठाणे, खाकी कपड्यांतले दोन पुरुष आणि एक पोरकी मुलगी! तिने आणखी काय करावयास हवे होते? १९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार ह्या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहून हाच प्रश्न विचारला. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्यांनी शोभा केली, चांगली मोठी शोभा केली, म्हणून १९८३ साली कायदा बदलला. पुढे २०१३ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच लिहिले, की स्त्रीने अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही.

आपल्या नरकचतुर्दशीच्या कथेत नरकासुराच्या बंदिवासातून सोळा सहस्र स्त्रिया सुटल्या. श्रीकृष्णाने त्यांना, 'तुम्ही ओरडलात का, तुमच्या अंगावर खुणा दाखवा', असे विचारल्याचे मी तरी ऐकले नाही. त्यांना पालख्यांत बसवून द्वारकेस मानाने नेले. आपण पहाटे कारीट फोडतो आणि नेमका हाच भाग विसरतो.

शब्दांचेही तसेच. बाईच्या अंगावर हात टाकण्याच्या गुन्ह्याला आपण 'विनयभंग' म्हणतो. इंग्रजी अमदानीत घडलेल्या कलमावरून हा शब्द आला आणि वृत्तपत्रांत रोज छापला जातो. मला विचाराल तर भंग झाला तो कोणाचा विनय? तिचा तर जागच्या जागी आहे! ज्याने हात टाकला त्याचा म्हणावा, तर त्याच्यापाशी तो होता कोठे? शब्दच असा, की ऐकणाऱ्याला वाटावे, मुलीचे काहीतरी फुटले. फुटले काही नाही. गुन्हा तेवढा घडला.

आणि कायदा मुलीला हात उगारू देत नाही, ही समजूत तर साफ चुकीची आहे. स्वतःच्या शरीराचे रक्षण करण्याचा अधिकार १८६० च्या दंडसंहितेतही होता आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ३४ ते ४४ ह्या कलमांत आहे. तो अधिकार धोक्याची रास्त भीती वाटू लागल्यापासूनच सुरू होतो. पहिला घाव पडेपर्यंत थांबावे लागत नाही. बलात्काराच्या वा पळवून नेण्याच्या हेतूने हल्ला झाला, ॲसिड फेकले वा फेकण्याचा प्रयत्न झाला, तर प्रतिकारात हल्लेखोराचा प्राण गेला तरी कायदा तिला गुन्हेगार मानत नाही. मर्यादा आहेत, आणि त्या योग्य आहेत: बचावाला लागेल तेवढीच इजा करावी, आणि धोका टळल्यावर सूड घेऊ नये. हे मुलीला कोणी सांगितले आहे काय? तिला 'कराग्रे वसते' म्हणायला शिकवले, परंतु ते कर केव्हा उगारावे हे सांगायचे राहूनच गेले.

आता मला दोन्ही बाजूंनी फटके बसणार, हे मी जाणून आहे. एक बाजू म्हणेल, बाई, तुम्ही पोरींना उद्धट बनवायला निघालात. अशा मुलींची लग्ने व्हायची कशी? त्यांना माझे उत्तर असे, की 'नको' हा शब्द ऐकून ज्याचे लग्नाचे मन मोडते तो जावई दारातूनच परत गेला तर घराचे कल्याणच झाले. सभ्यपणा मी शिकवतेच. परंतु सभ्यपणा सभ्य माणसासाठी असतो. तो एकतर्फी पाळायचा म्हटला म्हणजे त्याला शरणागती म्हणतात.

दुसरी बाजू सुधारकांची. ते म्हणतात, मुलींनीच का शिकावे? मुलांना सुधारा! ह्यातला मुलांना सुधारण्याचा भाग मला शंभर टक्के मान्य आहे. गुन्ह्याची जबाबदारी गुन्हेगाराची. ती मुलीच्या कपड्यांची नाही, वेळेची नाही, आणि तिला कराटे येत नव्हते ह्याचीही नाही. किंबहुना जिने प्रतिकार केला नाही तिला बोल लावणारा कोणी माझ्या लेखाचा आधार घेऊ लागेल, तर त्याला मी आताच बजावते: कित्येकदा भयाने अंग काष्ठवत होते, घसा आवळतो, पाय उचलत नाही. तो भ्याडपणा नव्हे, ती शरीराची जात आहे. ती आल्यागेल्या धैर्यवंतांनाही चुकलेली नाही. परंतु सगळे पुरुष सुधारेपर्यंत मुलींनी काय करावे? गावात चोर आहेत तोवर चोरांना शासनही हवे आणि दाराला कडीही हवी. कडी लावली नाही म्हणून चोरी क्षम्य ठरत नाही, आणि चोरी निंद्य आहे म्हणून कडी अनावश्यक ठरत नाही.

तिसरा एक वर्ग आहे, तो मला ह्या दोहोंपेक्षा अवघड वाटतो. तो म्हणतो, आम्ही आहोत ना! भाऊ आहे, बाप आहे, नवरा आहे. तिला कशाला शिकायला हवे? भाऊबिजेच्या ताटातला दिवा मलाही प्रिय आहे. परंतु रक्षणकर्त्याचे दोन दोष आहेत. एक, तो ऐन वेळी हजर नसतो. दुसरा, तो इतर सर्व वेळी हजर असतो! जो रक्षण करतो तो हळूहळू तिचे वेळापत्रक आपल्या हाती घेतो; कोठे जायचे, कोणाशी बोलायचे, फोन किती वाजेपर्यंत, हे तो ठरवू लागतो. रक्षणाचा पहारा केव्हा झाला ते दोघांनाही कळत नाही. आणि धोका घरातूनच आला तर पहारेकरी कोणाकडे तोंड करून उभा राहणार?

शोभा न करण्याची ही शिकवण 'आपली संस्कृती' आहे असे सांगणाऱ्यांना महाराष्ट्राचा इतिहास पुन्हा वाचण्याची विनंती आहे. १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला निघालेल्या सावित्रीबाई फुल्यांवर लोकांनी चिखल आणि शेण फेकले; चारचौघांत ह्याहून मोठी शोभा ती कोणती? त्या चालत राहिल्या. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून, एका तरुण विधवेच्या खटल्याचे निमित्त करून सबंध स्त्रीजातीला दूषणे देणाऱ्यांचा समाचार घेतला. त्यांच्यावर टीकेची झोड उठली तेव्हा त्यांची बाजू घ्यायला जोतीराव फुले उभे राहिले. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा लेखिकेला विभावरी शिरूरकर ह्या टोपणनावाआड राहावे लागले. तरीही पुस्तक निघालेच. आज ज्या मुली शाळेत जातात, कचेरीत बसतात, विमान चालवतात, त्या गप्प बसलेल्या बायकांमुळे नव्हेत. शोभा करणाऱ्या बायकांनी हे सारे मिळवले, आणि त्यांचीच छायाचित्रे भिंतीला लावून आपण त्यांच्या नातींना हळू बोलायला सांगतो!

तेव्हा करावयाचे काय, ते सांगून थांबते. मोठे काही नाही. ह्या चार दिवसांत होईल एवढेच. कोणत्याही मुलाला, मुलगी असो वा मुलगा, कोणाच्या मांडीवर ढकलू नका, नमस्कार पुरे. मुलगी 'मला ते आवडत नाहीत' असे म्हणाली तर 'असं बोलू नये' ह्याऐवजी 'का गं?' विचारा, आणि उत्तर ऐकेपर्यंत कढईखालचा गॅस बंद ठेवा. किल्ल्याची माती तिलाही कालवू द्या, रांगोळी त्यालाही काढू द्या. जेवताना वादविवाद झाला तर मुलीचे वाक्य पुरे होऊ द्या. संध्याकाळी गच्चीवर वा अंगणात नेऊन तिला पोटातून ओरडायला सांगा, आणि शेजारी डोकावले तर त्यांच्याही मुलींना बोलवा.

मग खुशाल हात शिकवा. मनगट धरले तर अंगठ्याच्या बाजूने झटका द्यायचा, कारण पकडीचे तोंड तेथेच असते. मूठ मारू नये, बोटे दुखावतात. तळहाताचा मनगटाजवळचा भाग वापरावा. कोपर हे बाईचे उत्तम शस्त्र आहे. नाक, डोळे, गुडघा आणि पाऊल ह्या जागा ताकदवान माणसाच्याही नाजूकच असतात. जिंकायचे नाही, निसटायचे आहे. निसटली की उजेडाकडे आणि माणसांकडे पळायचे. मदतीसाठी ११२ आणि १८१ हे क्रमांक तिला तोंडपाठ असावेत. आणि गुन्हा कोठेही घडला असला तरी तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते, हद्दीचे कारण चालत नाही, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असावे. ही विद्या रोज दहा मिनिटांप्रमाणे महिनाभर घोटली की अंगी बसते. एका दुपारात नाही.

ह्यामुळे काही घरांत ह्या दिवाळीत वादंग होईल, एखादा पाहुणा रुसून जाईल, एखादी आत्या 'पोरीला फार डोक्यावर बसवलं' म्हणून नाक मुरडील. होऊ द्या. फराळाचे पदार्थ काही गरम खायचे नसतात; भांडण संपेपर्यंत ते थांबतील. मुलगी मात्र थांबू शकणार नाही. ती आज सात वर्षांची आहे, उद्या सतरा वर्षांची होईल, आणि तुमच्या हाकेच्या पलीकडे एकटीच उभी असेल. तेव्हा तिच्याजवळ असेल तो तिचा आवाज. तो तुम्ही ठेवला असलात तर.